नत्थूचें पुढें काय झालें?

१९८८ सालचा जानेवारी महिना आपणांपैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. त्या काळीं देशभर घरोघर पोंचणारी दूरचित्रवाणी एकच, आणि तीहि सरकारी. रविवारीं सकाळीं ‘रामायण’ सुरू झालें कीं रस्ते ओस पडत. कित्येक घरांत तर पडद्याला हार घालून, उदबत्ती लावून मंडळी समोर बसत. त्याच पडद्यावर त्या महिन्यांत एका रात्रीं अगदीं निराळें दृश्य उमटलें. एक कोंदट खोपट, मिणमिणता दिवा, आणि सुरा हातांत घेऊन एका डुकरामागें धांवणारा, घामानें निथळलेला एक गरीब माणूस. डुक्कर कांहीं केल्या मरत नाहीं. माणूस थकतो, भिंतीला टेकून बसतो, पुन्हां उठतो. हें सारें इतका वेळ चालतें कीं पाहणाराला आपणच त्या खोपटांत कोंडले गेलों आहों असें वाटूं लागतें.

श्री. गोविंद निहलानी यांच्या ‘तमस’ची ही सुरुवात. भीष्म साहनी यांच्या ज्या हिंदी कादंबरीवरून त्यांनीं ही मालिका केली, तिला १९७५ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें होतें. कादंबरी घडते पंजाबांत. पण तिची ठिणगी पडली ती आपल्या दाराशीं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाहीं. मे १९७० मध्यें भिवंडीला दंगल उसळली. ती शमल्यावर साहनी आपले वडील बंधु, प्रसिद्ध नट बलराज साहनी, यांच्याबरोबर तें गांव पाहावयास गेले. जेथें रात्रंदिवस मागांची खडखड चालावयाची तेथें जळकीं, मुकीं घरें उभीं होतीं. तीं पाहतांना त्यांना तेवीस वर्षांपूर्वींची आपली रावळपिंडी आठवली. मार्च १९४७ मध्यें त्या जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें जळालीं होतीं. थोहा खालसा येथें शीख स्त्रियांनीं अब्रू राखण्यासाठीं विहिरींत उड्या घेतल्या होत्या. साहनी त्या वेळीं तेथें काँग्रेसचें काम करीत असत, आणि दंगलीनंतर मदतकार्यांतहि हिंडले होते. वीस-बावीस वर्षें जें मनाच्या तळाशीं पडून होतें तें भिवंडीच्या राखेनें वर आणलें.

निहलानींचाहि या इतिहासाशीं संबंध पुस्तकी नव्हता. त्यांचा जन्म १९४० सालचा, कराचीचा. फाळणीच्या लोंढ्यांत त्यांचें कुटुंब इकडे आलें आणि उदेपूरला स्थिरावलें. पुढें बंगळूरच्या तंत्रनिकेतनांत चलच्चित्रणाचें शिक्षण घेऊन ते मुंबईस आले व गुरुदत्तांचे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांच्या हाताखालीं त्यांनीं उमेदवारी केली. मराठी प्रेक्षकानें त्यांचा कॅमेरा प्रथम पाहिला तो १९७१ सालीं, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या चित्रपटांत. मग ‘अंकुर’पासून ‘भूमिका’पर्यंत श्री. श्याम बेनेगल यांचीं चित्रें त्यांनींच टिपलीं. स्वतः दिग्दर्शक म्हणून ते पुढें आले ‘आक्रोश’मध्यें, १९८० सालीं. कथा विजय तेंडुलकरांची. तींतला आदिवासी आरोपी लहान्या भिकू जवळजवळ सबंध चित्रपटभर तोंड उघडीत नाहीं, आणि तरीहि कॅमेरा त्याच्यावरून हलत नाहीं. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

‘आक्रोश’नंतर तीन वर्षांनीं ‘अर्धसत्य’ आला. त्याचा आधार श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही मराठी कथा, पटकथा पुन्हां तेंडुलकरांची. लघुकथेवरून चित्रपट करणें आणि कादंबरीवरून करणें, हे दोन अगदीं वेगळे उद्योग आहेत. कथेंत दिग्दर्शकाला भर घालावी लागते, कादंबरींत छाटाछाट करावी लागते. आणि छाटतांना माणसाचा स्वभाव जितका उघडा पडतो तितका भर घालतांना पडत नाहीं असें मला वाटतें. म्हणून ‘तमस’कडे जरा बारकाईनें पाहूं.

कादंबरीचे दोन खंड आहेत : पहिला शहराचा, दुसरा खेड्यांचा. आरंभीं नत्थू हा कातडीं सोलण्याचा धंदा करणारा माणूस आपणांस भेटतो. मुराद अलीनें त्याच्या हातावर पांच रुपये ठेवलेले असतात. जनावरांच्या डॉक्टरला डुक्कर हवें आहे, एवढेंच त्याला सांगितलेलें असतें. दुसऱ्या दिवशीं तें मेलेलें जनावर मशिदीच्या पायरीवर सांपडतें आणि शहर पेटतें. आपल्या हातून काय घडलें हें नत्थूला उमगतें, तो बायकोजवळ तें बोलून दाखवितो. आणि तेथून कादंबरी त्याला मागें टाकून चालूं लागते. प्रभातफेऱ्या काढणारे आणि आपसांत भांडणारे काँग्रेसवाले, मन कठोर व्हावें म्हणून कोंबडी मारावयास शिकविलेला रणवीर नांवाचा पोरगा, तक्षशिलेच्या अवशेषांत रमणारा गोरा अधिकारी रिचर्ड आणि एकटेपणानें पिऊं लागलेली त्याची बायको लिझा, चहाचें दुकान टाकून रात्रींतून निघालेले म्हातारे हरनामसिंग व बंतो : लेखक एकाकडून दुसऱ्याकडे जातो, कोणाजवळ थांबत नाहीं. शेवटीं शांतता समितीची मोटार गांवभर फिरते. तींत ड्रायव्हरच्या शेजारीं बसून एकोप्याच्या घोषणा देणारा इसम म्हणजे तोच मुराद अली. या ठिकाणीं लेखक जातां जातां सांगून टाकतो कीं नत्थू मेला होता, नाहींतर त्यानें या माणसाला ओळखलें असतें. बस्स, एवढेंच. कसा मेला, कोठें, कोणाच्या हातून, याविषयीं एक अक्षर नाहीं.

हें अर्धें वाक्य म्हणजे साहनींच्या कलेचा कळस आहे असें माझें कित्येक वर्षें मत होतें, आणि अजूनहि तें फारसें बदललेलें नाहीं. दंगलींत गरिबाचें मरण कोणाच्या नोंदवहींत नसतें. तें पोटवाक्यांतच यावयाचें.

निहलानींनीं मात्र हेंच मानलें नाहीं. त्यांचा नत्थू पुढें चालत राहतो. गरोदर बायको आणि अपंग म्हातारी आई यांना घेऊन तो शहर सोडतो. आईला पाठीवर वाहून नेतो. ती वाटेंतच प्राण सोडते. कादंबरींतले जे प्रवाह एकमेकांना कधींच मिळत नाहींत त्यांची पडद्यावर गांठ पडते : नत्थू व त्याची बायको कर्मो हीं हरनामसिंग आणि बंतो यांच्या आश्रयाला येतात. नत्थूचें काम श्री. ओम पुरी यांनीं केलें, कर्मोचें दीपा साही यांनीं. ‘आक्रोश’मधला मुका लहान्याहि ओम पुरीच होते, हें आतां आठवावें. न बोलणाऱ्या, कोणाला नको असलेल्या माणसावरून नजर न काढणें ही या दिग्दर्शकाची जुनी संवय. कादंबरीकारानें जो माणूस सोडला तो सोडण्याची त्यांना इच्छाच झाली नसावी.

यांत कांहीं गमावलें आहे, हें कबूल करावयास हवें. कादंबरींत कोणीहि नायक नाहीं, म्हणून वाचकाला कोठेंच आसरा मिळत नाहीं. चित्रपटांत नत्थू नायक होतो. आपण त्याच्यासाठीं हळहळतों, आणि हळहळण्याच्या नादांत मुराद अलीचें काय झालें हा प्रश्न थोडा बोथट होतो. परंतु दूरचित्रवाणीचा प्रेक्षक म्हणजे पुस्तकाचा वाचक नव्हे. तो आठवड्यानें पुन्हां येतो, मागलीं पानें त्याला उलटतां येत नाहींत. सुऱ्याचें तें पहिलें दृश्य ज्यानें पाहिलें त्याला तो सुरा धरणाऱ्याचें पुढें काय झालें हें विचारण्याचा हक्क आहे. मालिकेच्या पांच तासांना एका चेहऱ्याचा दोरा हवा होता, आणि तो दोरा सर्वांत खालच्या माणसाचा घेतला, यांत मला निव्वळ सोय दिसत नाहीं.

जेथें कादंबरी पुरेशी होती तेथें निहलानींनीं तिला हात लावला नाहीं. राजोचा प्रसंग पाहा. हरनामसिंग आणि बंतो रात्रीं ज्या मुसलमान बाईच्या घरीं आसरा मागतात, तिचींच माणसें लुटीची पेटी घेऊन घरीं परततात. आणि ती पेटी निघते हरनामसिंगाची. कुलूप फोडण्याची खटपट चालू असतां त्याची किल्ली मालकच पुढें करतो. राजोचें काम करणाऱ्या सुरेखा सीक्री यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संगीताबद्दल वनराज भाटिया यांनाहि मिळाला. राजो थोडेंच बोलते. तिच्या तोंडीं एकहि मोठें वाक्य नाहीं.

मालिका चालू असतांनाच ती बंद पाडण्याची मागणी झाली. निहलानींना पोलिसांच्या संरक्षणांत राहावें लागलें. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेलें. एकदां मनाईहि मिळाली. तेव्हां न्यायमूर्ति बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ति सुजाता मनोहर यांनीं स्वतः बसून ती मालिका पाहिली आणि मनाई उठविली. अशिक्षित लोक हें पाहून बिथरतील, असा एक आक्षेप होता. त्यावर न्यायमूर्तींचें म्हणणें असें पडलें कीं माणूस निरक्षर असला म्हणून त्याला व्यवहारज्ञान नसतें असें नाहीं. पुढें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें व फेब्रुवारी १९८८ मध्यें तेथेंहि मालिकेच्याच बाजूनें निकाल झाला. त्या निकालांत आधार घेतला गेला तो न्या. व्हिव्हियन बोस यांनीं नागपुरास दिलेल्या एका जुन्या निर्णयाचा : शब्दांचा परिणाम जोखावयाचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या मापानें, डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतांत संकट पाहणाऱ्या माणसाच्या मापानें नव्हे. फाळणीच्याच सुमारास नागपुरीं घालून दिलेलें माप चाळीस वर्षांनीं फाळणीच्या चित्रपटाला लागू पडावें, हा योगायोग मला मोठा नवलाचा वाटतो.

‘तमस’नंतर निहलानींनीं इब्सेन, स्ट्रिंडबर्ग आणि लोर्का यांच्या नाटकांवरून दूरदर्शनासाठीं चित्रपट केले, त्यांबद्दल पुन्हां केव्हां तरी. कादंबरीकडे ते वळले १९९८ मध्यें, महाश्वेतादेवींच्या ‘हजार चुराशीर मा’ या बंगाली कादंबरीकडे. शवागारांत ज्याच्या मुलाचा क्रमांक एक हजार चौऱ्याऐंशी आहे अशा आईचा तो एक दिवस : सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. कादंबरी त्या रात्रींच सुजाताच्या कोसळण्यानें संपते. चित्रपटांत ती वांचते आणि पुढें मानवी हक्कांच्या कामांत पडते. संवय तीच, लेखकानें सोडलेल्या माणसाचा हात न सोडण्याची. पण येथें ती मला बाधक वाटली. एका दिवसाचा जो आवळलेला फास होता तो सैल झाला. श्रीमती जया बच्चन यांच्या संयत अभिनयाला त्या पुढच्या वर्षांची गरज नव्हती.

‘तमस’च्या शेवटाला मात्र असें म्हणवत नाहीं. निर्वासितांची छावणी आहे. कर्मो नवऱ्याला शोधीत असते आणि तिला त्याचें प्रेत दिसतें. तेथेंच तिला वेणा सुरू होतात. बाहेर हरनामसिंग आणि बंतो बसून आहेत. मूल रडल्याचा आवाज येतो, आणि त्याच वेळीं दोन्ही बाजूंच्या घोषणाहि ऐकूं येतात. बंतो झाल्या आहेत दीना पाठक. आणि डोक्याला पगडी बांधून, त्या पोरक्या बाईला आपली म्हणून तिच्या दाराशीं बसलेला तो म्हातारा हरनामसिंग म्हणजे स्वतः भीष्म साहनी आहेत.