४४ की १००?

आजच्या भागाला निमित्त माझ्याच गिटार अँपचं आहे. पाच वॅटचा छोटासा व्हॉल्व्ह अँप, पण व्हॉल्यूम दोनच्या पुढे नेला की आवाज फाटायला लागतो. मला हवा होता स्वच्छ आवाज. म्हणून मी काय केलं, तर प्रीअँपसाठी तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे १२एएक्स७ व्हॉल्व्ह मागवले. पैसे गेले, आणि फरक? डोळे बांधून बसवलं असतं तर मला सांगता आला नसता.

मी कंपनी बघत होतो. बघायला हवा होता प्रकार. हे कळलं ते जुना इतिहास चाळताना.

१२एएक्स७ अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस आणला. अंगठ्याएवढी काचेची नळी, आत दोन ट्रायोड. युरोपात यालाच ईसीसी८३ म्हणतात. अँप्लिफिकेशन फॅक्टर १००. सर्किटमध्ये प्रत्यक्षात पन्नास-साठ पटच मिळते, पण पिकअपमधून येणाऱ्या इवल्याशा सिग्नलला तेवढी पुष्कळ झाली. याचा धाकटा भाऊ १२एवाय७. पिना त्याच, हीटर तसाच, फॅक्टर मात्र ४४.

कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरने पन्नाशीच्या दशकात पहिल्या टप्प्याला हा ४४वाला बसवला. छोट्या डीलक्समध्ये तोच, मोठ्या बेसमनमध्येही तोच. फेंडरला आवाज फाटणं म्हणजे दोष वाटायचा.

आता चला लंडनला. साल १९६२, हॅनवेलमधलं जिम मार्शलचं दुकान. मार्शल स्वतः ड्रमर, पण दुकानात गिटारवाल्यांची गर्दी. अमेरिकन अँप आयात करायचे म्हणजे महाग. मग त्याच्याकडच्या केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी बेसमनचंच सर्किट घेऊन जेटीएम४५ बनवला. आमच्या भाषेत सरळ सरळ फोर्क! फक्त पहिल्या टप्प्याला १२एवाय७ऐवजी, इंग्लंडमध्ये सहज मिळणारा ईसीसी८३ लागला. म्हणजे ४४च्या जागी १००. सिग्नल जवळपास दुप्पट होऊन पुढे जाणार आणि पुढचे टप्पे लवकर फाटणार.

सगळं श्रेय या एका नळीला देणं चूक आहे, बरं का. ट्रान्सफॉर्मर वेगळे होते, सेलेस्टियनचे बारा इंची स्पीकर बंद पेटीत होते. तरीही १९६६ साली एरिक क्लॅप्टनने जॉन मेऑलच्या अल्बमसाठी मार्शल अँप मोठा करून वाजवला, तेव्हा फेंडरने टाळलेला तोच फाटका आवाज लोकांनी डोक्यावर घेतला.

मला उलट्या दिशेने जायचं होतं. अँप बंद केला, प्लग काढला, काच गार झाल्यावर १२एवाय७ बसवला. आवाज स्वच्छ झाला, पण फारच मवाळ. कारण डोक्यात आलं नव्हतं: डीलक्समध्ये पहिल्या टप्प्याची नळी वेगळी आणि पुढची १२एएक्स७ वेगळी. माझ्या अँपमध्ये एकच नळी, तिच्यातले दोन ट्रायोड म्हणजेच दोन्ही टप्पे. गेन दोनदा निम्मा झाला, म्हणजे पाव उरला!

शेवटी ५७५१ आणला, फॅक्टर ७०. आता व्हॉल्यूम साडेतीनपर्यंत आवाज स्वच्छ राहतो, आणि जोरात छेडलं की किंचित फाटतो. ते तीन १२एएक्स७ कपाटात आहेत. कुणाला मार्शल व्हायचं असेल तर कळवा.