सत्तावीस हजार वर्षांतून एकदा

बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाला जगात दोनच जाती दिसतात : जुळलेले आणि न जुळलेले. थोरांची चरित्रं वाचतानाही आमचा डोळा आधी आकड्यावर जातो. विनोद धाम यांचंच घ्या ना! जन्म १९५० चा, पुण्याचा. १९७१ साली दिल्लीत इंजिनिअर झाले आणि १९७५ साली अमेरिकेला, सिनसिनाटीला शिकायला गेले. खिशात डॉलर किती? तर आठ! आमच्या देगलूरहून हैदराबादला बस्ता बांधायला निघालेला माणूस याहून जास्त चिल्लर बाळगतो.

१९७९ साली गृहस्थ इंटेलमध्ये चिकटले. १९९३ साली त्यांच्या देखरेखीखाली पेंटियम बाहेर पडला. नखाएवढ्या चकतीवर एकतीस लाख ट्रान्झिस्टर! कॉम्प्युटर ऑफिसातून उठून लोकांच्या दिवाणखान्यात बसला तो याच सुमारास.

आणि १९९४ साली थॉमस नाइसली नावाच्या गणिताच्या मास्तरांनी त्याला भागाकारात पकडलं. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७. उत्तर यायला हवं १.३३३८२, पेंटियम म्हणे १.३३३७४! भागाकाराच्या तक्त्यातली पाच घरं कोरीच राहिली होती. आम्हाला पावकी-निमकीतलं एक घर चुकलं तर गुरुजी छडी काढत. इथे पाच घरं गाळून हा बाजारात!

कंपनी म्हणाली, सामान्य माणसाला ही चूक सत्तावीस हजार वर्षांतून एकदाच भेटेल. छान! पण ऑडिटर दरवर्षी येतो, त्याचं काय? लोक ऐकेनात. शेवटी डिसेंबरात मागेल त्याला चिप बदलून देण्याचं ठरलं आणि ४७ कोटी ५० लाख डॉलर खर्ची पडले. चौथ्या दशांश स्थळासाठी!

धाम १९९५ साली इंटेल सोडून गेले आणि थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोटात त्यांनी के-६ चिप उभी केली. (आमच्यात शेजारच्या तालुक्यात बदली झाली तरी माणूस आठ दिवस जेवत नाही.) २०२५ साली त्यांना पद्मभूषण जाहीर झालं.

आमच्या शाखेतले जुने हेडक्लार्क दहा पैशांच्या फरकासाठी रात्री अकरापर्यंत कंदील लावून लेजरं चाळीत. कुणी म्हणे, "साहेब, दहा पैसे माझ्या खिशातून घ्या, पण घरी जाऊ द्या." त्यावर ते चष्मा न काढता म्हणत, "पैसे नकोत बाबा, फरक कुठं हाय ते दाखव." नोकरीभर लोक त्यांना हसले. अमेरिकेत हेच समजायला पावणेपाचशे लाखांच्या दसपट डॉलर लागले, एवढंच.