कायद्यातली वजाबाकी आणि रखमाबाई

सबट्रॅक्शन म्हणजे वजाबाकी. हे आपण दुसरीत शिकतो आणि विषय तिथेच संपतो. पण इंग्रजी कायद्यात या शब्दाचा एक वेगळाच अर्थ कित्येक वर्षं चालत होता. दुसऱ्याचं जे देणं लागतो ते न देणं, म्हणजे सबट्रॅक्शन. यात चोरी नाही, मारहाण नाही. नुसता हात आखडता घ्यायचा, की झाला कायद्याचा भंग.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ खालून ओढून घेणं असा आहे. गणितात तो आकडा काढून घेणं झाला आणि कायद्यात देणं अडवून धरणं. आपल्या 'वजाबाकी'तले वजा आणि बाकी हे दोन्ही शब्द फारसीच्या वाटेनं आले आणि हिशेबाच्या वह्यांत रुळले. म्हणून मला इथे 'थकबाकी' हा शब्द जास्त जवळचा वाटतो. कारण थकबाकी म्हटलं, की रक्कम कुणाची हे आधीच ठरलेलं असतं. वाद फक्त वसुलीचा.

मी या अर्थापर्यंत पोचले ते रखमाबाईंच्या खटल्यामुळे. 'बायकोला नांदायला पाठवा' असा दावा कोर्टात लावता येतो, ही कल्पना मुळात आली कुठून, हे शोधत मागे गेलं की वाटेत विल्यम ब्लॅकस्टन भेटतो. इंग्लंडच्या कायद्यावरचा त्याचा चार खंडांचा ग्रंथ पुढे वकिलांच्या पिढ्यांनी पाठ केला. त्यातला तिसरा खंड १७६८ सालचा. त्यात ही वजाबाकी कुठेकुठे लागू होते ते बघा.

जमिनीचा खंड थकवला, सबट्रॅक्शन. चर्चला उत्पन्नाचा दहावा हिस्सा दिला नाही, सबट्रॅक्शन. मृत्युपत्रात कुणाला काही ठेवलंय आणि ते त्याला पोचतं केलं नाही, तेही सबट्रॅक्शन. काही गावांत रिवाज असा, की कुळांनी आपलं धान्य ठरावीक गिरणीतच दळायचं. दुसरीकडे दळून आणलं तर गिरणीवाल्याचा हक्क बुडाला, म्हणून त्याला दावा लावता यायचा.

आणि याच नावाखाली आणखी एक गोष्ट. नवरा किंवा बायको पुरेसं कारण नसताना वेगळं राहत असेल, तर तेही सबट्रॅक्शन. खंड, धान्य, दळण आणि माणूस. इथे मी थांबले. कारण पहिल्या तिन्ही गोष्टी मोजता येतात आणि देणाऱ्यापासून वेगळ्या काढता येतात. चौथ्या ठिकाणी देणेकरी आणि देणं एकच आहे.

लग्नाचे दावे तेव्हा चर्चच्या न्यायालयात चालत. तिथला उपाय म्हणजे वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना. सोप्या मराठीत, परत येऊन नांदा. हुकूम मोडला तर धर्मबहिष्कार. १८१३ साली बहिष्काराच्या जागी सहा महिन्यांपर्यंतचा तुरुंग आला. १८५७ साली हे दावे चर्चकडून सरकारी न्यायालयाकडे गेले. धर्मगुरू गेले, दावा राहिला.

कागदावर हा कायदा दोघांनाही सारखाच होता. जॉर्जिना वेल्डन नावाच्या खमक्या बाईनं तो नवऱ्यावरच चालवला. तिनं हुकूम मिळवला, नवरा ऐकेना, आणि आता एका सभ्य गृहस्थाला तुरुंगात टाकावं लागणार अशी वेळ आली. मग मात्र संसदेला हा प्रकार खटकला. १८८४ साली कायदा करून इंग्लंडनं या दाव्यातली तुरुंगाची शिक्षा काढून टाकली.

त्याच १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर दावा लावला.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. त्या आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून वाचत, शिकत होत्या. सासरी नांदायला त्या कधी गेल्याच नव्हत्या. आता वय विशीच्या आसपास, आणि त्यांचं म्हणणं सरळ होतं: कळत नसताना लावलेल्या लग्नाखातर मी या माणसाबरोबर राहणार नाही.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचा एक मुद्दा भाषेचा होता. पुनर्स्थापना मागायची तर आधी काही स्थापन झालेलं हवं. हे दोघं एकत्र राहिलेच नव्हते, मग परत काय करायचं? घोडा किंवा बैल ताब्यात मागावा तशी बाई मागू नये, हेही त्यांनी सुनावलं. असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाही, तो इंग्लंडमधून इथे आणलाय, हेही त्यांनी नोंदवलं.

यावर गदारोळ झाला. 'केसरी'नं निकालावर टीका केली. सनातनी मंडळींना हा धर्मावरचा घाला वाटला. बाईनं नवऱ्याच्या घरी नांदावं ही अपेक्षा आपल्याकडे होतीच, ती काही बिलायती नव्हती. पण नांदत नाही म्हणून दिवाणी दावा, हुकूम आणि तुरुंगाची धमकी, ही यंत्रणा मात्र इंग्रजी चर्चच्या न्यायालयातली. स्वधर्माच्या रक्षणासाठी लोक परक्या धर्मपीठाचं हत्यार उचलून लढत होते. आणि ते हत्यार तिकडे नुकतंच बोथट केलं गेलं होतं.

मार्च १८८६ मध्ये अपिलात निकाल फिरला आणि खटला पुन्हा चालवायला पाठवला गेला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

या उत्तरानं हिशेबच मोडला. देणेकऱ्याला कोंडतात ते पैसे निघावेत म्हणून. इथे कोंडून वसूल काय होणार होतं? शेवटी १८८८ साली तडजोड झाली. दादाजींनी खर्चापोटी दोन हजार रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. म्हणजे अखेर वसुली पैशातच झाली. रखमाबाई पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले.

इंग्लंडनं हा दावा १९७० साली कायद्यानं रद्द केला. आपण मात्र तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये लिहून ठेवला. साल १९५५. कायदा मे महिन्यात झाला आणि २५ सप्टेंबरला रखमाबाई वारल्या. नव्वदी ओलांडलेल्या त्या बाईला हे कलम कुणी वाचून दाखवलं असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता यात तुरुंग नाही, पण हुकूम मुद्दाम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं हे कलम घटनाबाह्य ठरवलं, पण १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं सरोज राणी खटल्यात ते वैध ठरवलं. २०१९ साली कायद्याच्या विद्यार्थ्यांनी त्याला पुन्हा आव्हान दिलं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एवढं स्पष्ट केलं, की नांदायला येण्याचा हुकूम पाळला नाही एवढ्याच कारणावरून बायकोची पोटगी नाकारता येत नाही.

सबट्रॅक्शन हा शब्द वकिलांच्या तोंडून केव्हाच गेला, पण त्यातली समजूत मागे राहिली. कलम ९ आजही विचारतं: तू वाजवी कारणाशिवाय दूर गेलीस, किंवा गेलास, का? आणि कारण दाखवायची जबाबदारी निघून जाणाऱ्यावरच टाकतं. थकबाकीदाराला विचारतात तसं. मुळात हे देणं होतं का, एवढाच प्रश्न रखमाबाईंनी केला होता. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.