वांझपणाचा ठपका कुणावर?

मूल झाले नाही की आपल्या समाजात बोट आधी सुनेकडे जाते. दवाखान्याच्या चकरा तिच्या, टोमणे तिला आणि सवतीची धास्तीही तिलाच. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

१९७७ साली कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे कीटकनाशकाच्या कारखान्यातील कामगारांच्या लक्षात आले की, त्यांच्यापैकी अनेकांना मूल होत नाही. तपासणीत कित्येकांच्या वीर्यात शुक्राणू फार कमी निघाले, काहींच्या तर मुळीच नव्हते. कारण होते डीबीसीपी, जमिनीतील सूत्रकृमी मारणारे रसायन. त्याने प्राण्यांच्या वृषणांना इजा होते, हे १९६१ मध्येच छापून आले होते! अमेरिकेने १९७९ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. तोवर मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांतले मजूरही त्याच्या तडाख्यात सापडले होते.

१९९२ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी १९३८ ते १९९० मधील ६१ अभ्यास एकत्र तपासले. शुक्राणूंची सरासरी दर मिलिलिटरमागे ११.३ कोटींवरून ६.६ कोटींवर आलेली दिसली. या आकड्यांवर वाद आहेत. रसायने, तंबाखू, लठ्ठपणा अशी कारणेही मांडली जातात.

म्हणून तपासणी दोघांचीही व्हावी. पुरुषाची तर अधिक सोपी असते. ती टाळून सुनेला घराबाहेर काढणे हा उघड जुलूम आहे.