बंदरांची स्पर्धा व संगणकीय व्यवहार, पेण-रोहे परिसरातील

महाराष्ट्राच्या रायगड (१९८१ पर्यंत कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहे ही खाडीकाठची जुनी व्यापारी गावे. पेणचा माल भोगावतीच्या खाडीवरील अंतोरे बंदरातून, तर रोह्याचा कुंडलिकेतून रेवदंड्याकडे जाई. तांदूळ व मीठ हे त्यांत प्रमुख जिन्नस होत. गलबते भरतीच्या पाण्यावर आत येत आणि ओहोटी लागली की गाळात टेकत. त्यामुळे व्यापाऱ्यास तिथी पाहूनच मालाचे नियोजन करावे लागे. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली व घाटमाथ्यावरील माल थेट मुंबईस जाऊ लागला. खाडीतील बंदरे जागच्या जागी राहिली, पण व्यापाराची वाट बदलली. पुढे १९८६ मध्ये लोहमार्ग पेणवरून रोह्यास पोहोचला, तोवर या बंदरांचे वैभव सरले होते.

याच जिल्ह्यात न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी सिंगापूरने आयात-निर्यातीची निरनिराळी परवानगीपत्रे एकाच संगणकीय अर्जाद्वारे देण्याची पद्धत आरंभिली. न्हावा-शेव्यास याऱ्या आधुनिक होत्या, कागद मात्र माणसांच्या हाती मेजामेजांवरून फिरत. भारतीय सीमाशुल्क खात्याने संगणकीय कामकाजाचा प्रारंभ १९९५ मध्ये दिल्लीत केला. कंटेनर बोटीवरून काही मिनिटांत उतरतो. तो धक्क्यावर पडून राहतो तो बहुधा कागदांसाठी, हे ध्यानात घेतल्यास या बदलाचे मर्म कळते. उत्तर भारतातील मालास गुजरातमधील मुंद्रा व पिपावाव ही बंदरेही खुली असल्याने अशा खोळंब्याची किंमत बंदरालाच मोजावी लागते. जहाज कंपन्या निव्वळ वेगापेक्षा वेळेच्या निश्चितीस अधिक मोल देतात.

जुलै २०१६ पासून न्हावा-शेव्याच्या कंटेनरांवर रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या खूणचिठ्ठ्या लावण्यात येऊ लागल्या व मालधन्यास कंटेनरचा माग घरबसल्या काढता येऊ लागला. त्याच सुमारास आयातदाराने माल मधल्या गोदामात न नेता थेट धक्क्यावरून उचलण्याच्या सवलतीचा विस्तार झाला. बंदर, सीमाशुल्क, जहाज कंपनी व दलाल यांना जोडणारी नवी राष्ट्रीय संगणकीय प्रणाली डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. रोह्यानजीकच्या धाटाव औद्योगिक क्षेत्रातील रासायनिक कारखान्यांना या सुधारणांचे महत्त्व मोठे, कारण धोकादायक मालाची कागदपत्रे अधिक व काटेकोर असतात. पेणच्या गणेशमूर्ती परदेशी जातात त्या चतुर्थीच्या कित्येक महिने आधी. खोळंबा कोणाचाही असो, चतुर्थी काही पुढे ढकलता येत नाही.

परंतु संगणकाने रस्ता रुंद होत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. बंदरात वाचलेले तास वाटेत खर्ची पडले, तर कारखानदाराच्या पदरात फारसे पडत नाही. शिवाय या व्यवस्थेचे परावलंबित्वही नवे आहे. २७ जून २०१७ च्या जागतिक संगणक-हल्ल्यात मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली, तेव्हा न्हावा-शेव्यातील तिच्या समूहाच्या धक्क्यावरील काम ठप्प झाले. याऱ्या शाबूत होत्या. कोणता कंटेनर कोणाचा, हेच सांगता येईना.

पेण तालुक्यात डोलवी येथील पोलाद कारखान्यासाठी धरमतर खाडीतून खनिज व कोळसा बार्जने येतो. खोल समुद्रात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांवरून हा माल उतरवून घेतात. बार्ज कोठवर आली हे आता पडद्यावर दिसते. खाडीतील पाण्याची खोली मात्र अंतोऱ्याच्या गलबतांच्या काळाप्रमाणेच भरती-ओहोटीनुसार बदलते.