दात काढणे जिवावर बेतत असे तेव्हा

हिमोफिलियात रक्त गोठवणारा घटक जन्मतःच अपुरा असतो. त्यामुळे एकेकाळी दात काढणेही रुग्णाच्या जिवावर बेतत असे.

१९६४ साली अमेरिकेत ज्युडिथ पूल यांनी गोठवलेला प्लाझ्मा सावकाश वितळवला. तळाशी उरलेल्या साक्यात ‘फॅक्टर आठ’ एकवटलेला आढळला आणि उपचार रक्तपेढीच्या आवाक्यात आला.

तरीही दात काढल्यावर हाडात जखम उरतेच. रूट कॅनॉलमध्ये केवळ दंतमज्जा काढून पोकळी भरतात. दात जागीच राहतो. म्हणून हाच मार्ग श्रेयस्कर ठरला. मात्र खालच्या जबड्यातील खोल इंजेक्शनाने रक्त घशाकडे पसरून श्वास कोंडू शकतो. त्याआधी फॅक्टर द्यावा लागतो.

म्हणजे दंतवैद्याला रक्ततज्ज्ञाची साथ हवीच. छत्रपती संभाजीनगरात १९५६ चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व शासकीय दंत महाविद्यालय घाटी परिसरात शेजारीच आहेत.