मूसचा संधिवात आणि लांडग्यांची शिकार : रॉल्फ पीटरसन यांचं संशोधन

संधिवात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते जिना चढताना कठड्याला धरणारे आजी-आजोबा. 'वय झालं, सांधे झिजले' असं आपण सहज म्हणून जातो. पण हाच आजार जंगलातल्या प्राण्यांनाही होतो, आणि त्याची सुरुवात कधीकधी जन्माच्या आसपासच होते, हे मी वाचलं तेव्हा मला खरंच आश्चर्य वाटलं. चला तर मग, समजून घेऊया.

हे संशोधन कुठलं?

अमेरिकेत लेक सुपीरियर नावाचं प्रचंड सरोवर आहे. त्यात मिशिगन राज्यातलं आयल रॉयल हे बेट आहे. इथे मूस (हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी) आणि लांडगे राहतात. बेटावर मूसची शिकार करणारा मोठा प्राणी म्हणजे फक्त लांडगा, आणि माणसांनाही तिथे शिकारीला बंदी. म्हणजे निसर्गाने तयार करून दिलेली प्रयोगशाळाच!

1958 साली डरवर्ड ॲलन यांनी इथे अभ्यास सुरू केला. 1970 मध्ये रॉल्फ पीटरसन विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे त्यांनी आयुष्यभर हेच काम केलं. नंतर जॉन व्युसेटिच त्यांच्या जोडीला आले. शिकारी आणि त्याची शिकार यांचा हा जगातला सर्वांत जास्त काळ चाललेला अभ्यास मानला जातो.

डेटा कसा गोळा करतात?

1) हिवाळ्यात छोट्या विमानातून लांडगे आणि मूस मोजतात. बर्फावर पावलांचे माग स्पष्ट दिसतात.
2) उन्हाळ्यात स्वयंसेवक जंगल पायी तुडवून मेलेल्या मूसची हाडं शोधतात.
3) दात कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळं दातातही असतात, त्यावरून वय कळतं.
4) कंबरेचा सांधा आणि मणके तपासून संधिवात होता का ते नोंदवतात.

अशा एक हजाराहून जास्त मूसच्या हाडांची नोंद झाली. कुठलंही ॲप नाही, पन्नास वर्षं वह्या भरत राहणं आणि हाडं जपून ठेवणं, एवढंच. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते.

लांडगा कोणाला निवडतो?

धडधाकट मूसचं वजन चारशे किलोच्या आसपास असतं आणि तिची एक लाथ लांडग्याचा जीव घेऊ शकते. म्हणून लांडगे आधी अंदाज घेतात. मूस ठाम उभी राहिली तर बऱ्याचदा सोडून देतात. पिल्लं, म्हातारे आणि लंगडणारे प्राणी त्यांच्या तावडीत जास्त सापडतात. सांधा दुखणारी मूस ना नीट पळू शकते, ना नीट लाथ मारू शकते. थोडक्यात, संधिवात तिथे नुसतं दुखणं नाही, मरण आहे.

मग शोध काय लागला?

पीटरसन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागच्या पायातलं मेटाटार्सल हे हाड लहान वयातच वाढतं. त्या काळात पोषण कमी पडलं तर ते आखूड राहतं आणि पुढे भरून निघत नाही. ज्या मूसची ही हाडं आखूड होती, त्यांच्यात संधिवात जास्त आढळला! म्हणजे बेटावर अन्नाची टंचाई असताना जन्मलेल्या पिल्लाला त्याची किंमत कित्येक वर्षांनी, म्हातारपणी मोजावी लागते.

माणसांशी संबंध काय?

इथे घाई करू नका. मूसवरून माणसाचं थेट निदान होत नाही. माणसात वय, वजन, जुनी दुखापत आणि आनुवंशिकता ही कारणंही असतात. पण सुरुवातीच्या पोषणाचा परिणाम उतारवयात दिसू शकतो, ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये डेव्हिड बार्कर यांनी जन्माच्या वेळचं कमी वजन आणि पुढचा हृदयविकार यांचा संबंध दाखवला. आपल्या पुण्यातही केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गरोदर आईचं पोषण आणि मुलांचा पुढचा मधुमेह यांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मूसच्या हाडांनी याच विचारात सांध्यांची भर घातली.

सध्या बेटावर काय स्थिती आहे?

जवळच्या नात्यातल्या प्रजननामुळे लांडगे कमजोर होत गेले आणि 2018 मध्ये फक्त 2 उरले. मग 2018-19 मध्ये बाहेरून 19 लांडगे आणून सोडले गेले. अभ्यास अजून चालू आहे.

माझं मत विचाराल तर, 'म्हातारपणाचा आजार' हे शब्द मी आता जरा जपून वापरतो. घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर औषध डॉक्टरांनाच विचारा. आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या ताटात पोटभर, सकस जेवण आहे ना, एवढं आजच बघा. त्याचा उपयोग कदाचित साठ वर्षांनी होईल!